रिपोर्ट चांगला आला, पण

सिल्वासात दुर्बिणीने पोट तपासतात त्या खोलीत मी नर्स आहे. माणसं पोट दाखवायला येतात आणि मन मोकळं करून जातात. किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात.

तपासणीआधी काही खाऊ नका, हे आम्ही मराठी, गुजराती, हिंदी तिन्हींत बजावतो. टोकरखाड्याच्या एका काकूंनी शपथेवर सांगितलं, पोटात काही नाही. दुर्बीण आत गेली तर साबुदाणा! काकू शांतपणे म्हणाल्या, "ते उपासाचं होतं."

कोकणातले एक गुरुजी इथल्या शाळेत आहेत. स्क्रीनवर पोटाचं लालबुंद अस्तर बघून त्यांना चक्क बरं वाटलं. म्हणाले, "एक फोटो द्या. घरी सगळ्यांना वाटतं, मी नाटक करतो." मी दोन दिले. दुखणं दिसत नाही तोवर कुणाला खरं वाटत नाही हो.

आणि पाटीलभाऊ! मूळचे शहाद्याकडचे, गलोंड्याला प्लास्टिकच्या कंपनीत. जळजळीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चण्यांसारख्या खात होते, शिफ्टमध्ये वाटतही होते. डॉक्टरांनी समजावलं, अस्तर असं कायम सुजलेलं राहिलं की पेशी हळूहळू रूप बदलतात, पोटातल्या पेशी आतड्यासारख्या होतात. त्यातली एखादी बिघडली, तर कॅन्सर तिथून सुरू होऊ शकतो. म्हणून तपासायला तुकडा घेतला.

पाटीलभाऊ औषध आणायला गेले तशी सोबत आलेल्या वहिनींनी मला कोपऱ्यात घेतलं. वाईट निघालं तर त्यांना कॅन्सर नाही असंच सांगा, म्हणून हात धरला. दुसऱ्या दिवशी भाऊ एकटेच आले. "ताई, वाईट निघालं तर तिले सांगू नका. चांगलं हाये म्हना." मला गलबलून आलं. डॉक्टरांशी बोला, एवढंच मी दोघांना म्हटलं. पण दोघांनी तो होकारच धरला.

रिपोर्ट आला. जंतू होते, सूज होती, काही पेशी बदललेल्या होत्या, पण कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून तसं सांगितलं, जंतूंचं औषध दिलं, पुढच्या वर्षी परत तपासू म्हणाले. मी तर आनंदाने हसत होते. वहिनीही हसल्या, भाऊही हसले.

दोघं बाहेर गेले. मिनिटभरात भाऊ एकटे परत आले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, तिच्यासमोर लई चांगलं निभावलं तुम्ही. आता माले खरं सांगा."

मी दाराकडे पाहिलं. त्यांच्या मागे, डोळे पुसत, वहिनी आपला नंबर लावून उभ्या होत्या.