तिसऱ्या कडव्यातली शिट्टी

गेल्या रविवारी तंजावरहून कुंभकोणम्‌ला घरी परतताना पापनाशम्‌ला कॉफीसाठी उतरलो. दुकानातल्या स्पीकरवर चक्क आमच्या मरुदानल्लूर गावच्या गोविंदमामांचं मराठी भजन लागलेलं... माझी छाती फुगली.

तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी झाली.

"शिट्टी ऐकायला गिऱ्हाइकं थांबतात, सार," दुकानदार म्हणाला. मी कसाबसा हसलो. तो कुकर माझ्या घरचा होता.

खुलासा करतो. काही वर्षांपूर्वी मामांनी आयुष्यातली एकमेव सीडी काढली, आठ भजनांची. ही खपली की दुसरी, असं स्टुडिओवाल्याशी ठरलेलं. बाकीच्या भजनांचे शब्द वहीत होते, पण चाली फक्त मामांच्या गळ्यात...

माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती. म्हणून प्लेअरसमोर मोबाइल धरला, रेकॉर्ड केलं आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. आत भात शिजत होता.

आम्हा तंजावरच्या मराठी माणसांत भजनाची वही मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, उतरवून घेणं हे पुण्यच. त्यामुळे ही चोरी आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुण्याच्या एका भाच्याच्या आलं, तर मी त्याला ग्रुपवर धू धू धुतला... "अरे, फुकट ऐकतील, आवडेल, मग विकत घेतील! याला प्रसिद्धी म्हणतात." भरपूर अंगठे मिळाले.

प्रसिद्धी झालीच. भजन लग्नांत गेलं, रिक्षांत गेलं. सीड्या तेवढ्या मामांच्या माळ्यावरून हलल्या नाहीत, आणि दुसरी निघाली नाही.

मागच्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. गाणं गेलं. आता बोलतात तेही कुजबुजल्यासारखं.

कॉफी अर्धी टाकून दुपारीच त्यांच्याकडे गेलो. अंगणात मामींनी सीड्या दोरीला टांगलेल्या, कुरडयांवर कावळे बसू नयेत म्हणून. "अखेर उपयोगाला आल्या बघ," मामी म्हणाल्या.

"मामा, ती शिट्टी माझ्या घरची," एवढंच कसंबसं म्हणालो.

मामा थोडं पुढे वाकले. "ठाऊक आहे रे. विकत घेणारा तू एकटाच तर होतास."

मग मीच त्यांची वही काढली. न निघालेल्या सीडीतलं पहिलं भजन उघडलं, मोबाइल पुढे धरला. मामांनी डोळे मिटले. बोटांनी मांडीवर ताल धरला, ओठ हलले... चाल काही बाहेर आली नाही.

रेकॉर्डिंगमध्ये बोटांचा ताल आहे, आणि वाऱ्यानं एकमेकींवर आपटणाऱ्या सीड्या.

ती फाइल मी कुणाला पाठवलेली नाही. कुणी मागितलेलीही नाही.