गेटवरचा ट्रॅक्टर

बाळांनो, परवा व्हिडिओवर तुम्ही आपल्या अल्सेशियनला बघितलंत आणि विचारलंत, "आजी, तो बरा झालाय, मग अजून दोन गोळ्या कशाला?" मी उत्तर सुरू केलं आणि तुमची शाळेची वेळ झाली. प्रश्न चांगला होता. अर्धवट उत्तर मला आवडत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे.

तुम्ही त्याला ठेवलेलं इंग्रजी नाव तुमचे आजोबा कधीच घेत नाहीत. ते त्याला जवान म्हणतात. गेल्या पावसाळ्यात जवानाला शेपटीखाली जखमा झाल्या. खोल, वाहत्या, एक भरली की दुसरी उघडायची. तो बसेना. उभ्यानेच पेंगायचा. साताऱ्यात मलमं झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी तिथला एक डॉक्टर म्हणाला, "ऑपरेशन करा, नाहीतर त्याला शांतपणे जाऊ द्या." आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

माझं माहेर सांगलीचं. माझ्या बहिणीने तिथल्या एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. त्यांनी तपासून सांगितलं की जवानाची प्रतिकारशक्ती त्याच्याच अंगावर उलटली आहे, तिला आवरायला हवं. त्यासाठी सायक्लोस्पोरिनच्या महागड्या कॅप्सूल असतात. पण एवढ्या मोठ्या कुत्र्याला त्यांचा पुरा डोस महिनोन्‌महिने देणं आपल्याला झेपणारं नव्हतं. म्हणून त्यांनी कॅप्सूल कमी केल्या आणि जोडीला किटोकोनॅझोल नावाची गोळी दिली. आजोबा तेव्हा बाहेर जवानाला झाडाखाली घेऊन उभे होते. परत येताना गाडीत मी त्यांना एवढंच सांगितलं, "दोन्ही द्यायच्या आहेत." त्यांना तेवढं पुरतं. फौजेतला माणूस, हुकूम हा हुकूम.

गूळ लावलेल्या भाकरीच्या तुकड्यात गोळ्या जायच्या. जखमा सुकू लागल्या. दिवाळीत जवान पहिल्यांदा अंगणात बसला, आधी सावकाश, मग ऐटीत.

त्यानंतर एक दिवस आजोबा औषधाच्या दुकानातून तोंड पाडून आले. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन दुकानदाराने चार माणसांत विचारलं होतं, "काय फौजी, गजकर्ण झालंय का?" गावचे दोघे तिथेच उभे होते, ते हसले. किटोकोनॅझोल हे खरं तर बुरशीवरचं औषध. आजोबांनी घरी येऊन टॉर्च घेतला आणि जवानाचं पोट, काखा, कान सगळं तपासलं. गजकर्ण कुठेच नव्हतं. फौजेत बरॅकमध्ये गजकर्णाची साथ यायची. ते गेलं की गोळी बंद, हा त्यांचा जन्माचा नियम. त्यांनी तो इथेही लावला. मला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

काही आठवड्यांनी जवान पुन्हा मागे वळून चाटू लागला. मग बसणं थांबलं. एक जुनी जखम उघडली. आम्ही तडक सांगली गाठली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेऊन पुण्याला पाठवलं आणि विचारलं, "काका, दोन्ही गोळ्या चालू आहेत ना?"

"एक चालू हाय. बुरशीची बंद केली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बुरशीच न्हाई अंगावर, तर गोळी कशाला?" आजोबा मला म्हणाले. "टॉर्च मारून बघितलंय मी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, निवृत्तीनंतर काय करत होता?"

"साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी."

"मग तुम्हाला लगेच कळेल. लिव्हर म्हणजे कारखाना. कॅप्सूलचं औषध म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. तो आत गेला की उसाचा चुरा होणार. आपल्याला तो बाहेर रस्त्यावर, म्हणजे रक्तात, जास्त वेळ उभा हवाय. आता गेटातच दुसरा मोठा ट्रॅक्टर आडवा लावला तर?"

"मागची लाईन हलत न्हाई," आजोबा म्हणाले. "लय शिव्या खाल्ल्यात त्यापायी."

"तो आडवा ट्रॅक्टर म्हणजे ही बुरशीची गोळी. लिव्हर तिच्यात गुंतून राहतं, म्हणून थोड्या कॅप्सूलमध्ये काम भागतं."

आजोबांनी जवानाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे गेट मोकळं मीच करून दिलं."

"हो. पण पुन्हा लावता येईल. फक्त मला विचारल्याशिवाय एकही कमीजास्त करायची नाही. गेट जास्त तुंबलं तर कारखान्यालाही त्रास होतो, म्हणून लिव्हर मी अधूनमधून तपासणार."

पुण्याचा रिपोर्ट नंतर आला. रक्तातलं औषधाचं प्रमाण खरंच फार खाली गेलं होतं. पण त्या दिवशी सांगलीहून परतताना आम्हाला ते अजून कळायचं होतं. इस्लामपूरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि आमची गाडी तिच्यामागे अडकली. एरवी आजोबा खाली उतरून सगळ्यांना शिस्त लावतात. त्या दिवशी काच खाली करून निवांत बसले.

"अहो, उशीर होतोय," मी म्हणाले.

"होऊ दे गं. थांबलेलंच बरं असतंय कवाकवा."

त्या दुकानात ते आजही जातात. दुकानदाराने विचारायच्या आत काउंटरवर हात ठेवून सांगतात, "गजकर्ण न्हाई. गेटवर लावायला पायजे." दुकानदाराला काही कळत नाही, आणि आजोबा समजावूनही सांगत नाहीत. सकाळी भाकरीचा तुकडा तेच करतात, मला हात लावू देत नाहीत.

बाईंनी आता कॅप्सूल आणखी कमी केल्या आहेत. जखम भरली. शेपटीखाली केस न उगवलेला एक छोटा चट्टा आहे. जवान आहे, आणि तो अंगणात बसतो.