फक्कीचं घर

सांगलीतलं आमचं घर मी पसंत केलं ते इस्पितळाच्या व्हरांड्यात उभी राहून. बहात्तर सालच्या आसपासची गोष्ट असेल. मला क्षय झाला होता आणि मिरजेच्या बाजूला, गावाबाहेरच्या एका इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात मला ठेवलं होतं. त्याच सुमाराला ह्यांची कोयनानगरहून सांगलीला बदली झाली. कॉलनीतलं क्वार्टर सोडायचं, नवीन बिऱ्हाड बघायचं, आणि जिनं तिथं संसार मांडायचा तिला फाटकाबाहेर पाऊल टाकायची बंदी. भेटायला येणाऱ्यांनीही कठड्यापलीकडे, अंगणातच उभं राहायचं. लहान मुलांना तर फाटकातूनच परत पाठवायचे. माझी मुलगी चार वर्षांची होती आणि वर्षभर मी तिला पाहिलं नव्हतं. तिच्याजवळ, एका छपराखाली जाऊन राहायचं, एवढ्यासाठी मी त्या सुया टोचून घेत होते. बाकी कशात मला गोडी उरली नव्हती.

हे कोयनेच्या धरणप्रकल्पावर ओव्हरसीअर होते. जागेचं तोंडी वर्णन करणं त्यांच्या बापजन्मात जमलं नसतं. म्हणून एका रविवारी ते पिशवीतून चुन्याची फक्की घेऊन आले आणि वॉर्डासमोरच्या अंगणात, पाया आखतात तसं, खऱ्या मापाचं घर आखून मोकळे झाले. भिंत असेल तिथं पांढरी रेघ, दार असेल तिथं मोकळी जागा. पुढं दर रविवारी एक नवं घर. सोबत वन्सं असायच्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. मुलगी त्यांच्याकडेच होती. वन्सं पदर खोचून त्या रेघांच्या घरात फिरायच्या. रेघ कधी ओलांडायच्या नाहीत, दारादारातूनच जायच्या. "ही चूल. हे देव. ही तुझी न्हाणी," असं ओरडून सांगायच्या. मला त्या वेळी त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सगळा वॉर्ड कठड्याला लोंबकळायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर तासगावकडची एक शेतकरीण होती. ती तर माझी थोरली बहीण असल्यासारखी ह्यांच्याशी बोलायची. "आवं दाजी, न्हाणी दाराम्होरं काढलीया. आल्या-गेल्याम्होरं आंघुळ करायची व्हय बाईनं?" झालं, ते घर बाद. दुसरं वरच्या मजल्यावर होतं, जिना चढताना मला धाप लागली असती. तेही बाद. तिला भेटायला कधीच कुणी यायचं नाही. एकदा ती मला म्हणाली, "दाजींना सांगा की, माजं बी एक घर काढा म्हनावं. लय न्हाई, एक खोली." मी हसले. बिचारीला तिच्या माणसांनी टाकलंय, आपलं नशीब तसं नाही, असं माझ्या मनात आलं.

तिसरं घर मला बघताक्षणी आवडलं. पुढं दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं बोळाकडे दार असलेली एक लहान खोली. "मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं," हे म्हणाले.

"मग मी आणि पोरगी तिथंच झोपू," मी ओरडले.

वन्संनी ह्यांच्याकडे बघितलं. हे फक्कीची पिशवी झटकत राहिले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधली रेघ सलग आहे.

"अहो, मधलं दार कुठंय?"

"राहिलं वाटतं," असं म्हणत त्यांनी चपलेनं तेवढी रेघ पुसली. ओव्हरसीअर दार विसरला म्हणून सगळा वॉर्ड खोखो हसला. मीही हसले. हेच घर घ्या म्हणून सांगितलं.

पुढं मला घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना माझ्यादेखत बजावलं, की बाई पूर्ण बऱ्या झाल्यात, थुंकीत काही सापडत नाही, मुलीला खुशाल जवळ घेऊ द्या. "हो साहेब, हो साहेब," हे मान डोलवत होते.

टांगा आमच्या गल्लीत शिरला. पुढच्या दारात मुलीचा झगा वाळत घातला होता. मी केस सारखे केले, पदर नीट घेतला. टांगा दारावरून पुढं गेला आणि बोळात वळला.

"अहो, दार मागं राहिलं."

"इकडून बरं पडतं," हे म्हणाले.

मागच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट, एक तांब्या-भांडं मांडून ठेवलं होतं. मधलं दार विटांनी बुजवलं होतं. गिलावा अजून ओला होता.

"वन्संचं म्हणणं आहे, थोडे दिवस," हे म्हणाले. "लेकराचा प्रश्न आहे."

"डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना?"

"डॉक्टरांचं काय जातंय सांगायला? आणि ऊन येतं म्हणून खोली तुलाच आवडली होती."

तुझा नवरा वाईट नव्हता, घाबरला होता, असं मला अजूनही लोक सांगतात. घाबरलेला माणूस विटा आणतो? गवंडी गाठतो? त्याच्या डोक्यावर उभं राहून गिलावा घोटून घेतो? तो माणूस मला तेव्हा नकोसा झाला, तो पुढं कधी हवासा वाटलाच नाही.

हे बोळातून निघून गेले. भिंतीपलीकडे मुलगी एकटीच काहीतरी गुणगुणत खेळत होती. वर्षाहून जास्त दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला. मग मी बोटानं भिंतीवर टकटक केली. गुणगुणणं थांबलं. थोड्या वेळानं पलीकडून टकटक आली. मी पुन्हा केली. तिनं पुन्हा केली आणि खुदकन हसली.

तेवढ्यात वन्संचा आवाज आला. "भिंतीला हात लावलास? चल आधी, साबणानं धू."

न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला.