बाबांची बाद फेक

बाबा आमच्याकडे परदेशात, पिस्कॅटवेला आले, तेव्हा त्यांना इथे करमणार नाही याची मला खात्रीच होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी दिवसभर विद्यापीठाच्या लॅबमध्ये, नवरा पार्सिपनीला ऑफिसात. "सहा महिने म्हणजे जेलच की गं," असं त्यांनी एअरपोर्टवरच सांगून टाकलं. पण आठवडाभरात गडी असा खुलला की मी बघतच राहिले.

कारण आमच्या अपार्टमेंटच्या मागेच विद्यापीठाचं मैदान होतं आणि तिथे संध्याकाळी पोरं थाळीफेकीचा सराव करायची. बाबा कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे राहायचे ते मी लॅबमधून येईपर्यंत. चहासुद्धा आठवायचा नाही. "त्या लाल शर्टवाल्याचा खांदा आधीच उघडतोय," असं काहीबाही मला वाटेत ऐकवायचे.

बाबा स्वतः थाळीफेक करायचे. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते भारताकडून उतरले होते. कोल्हापूरच्या तालमीतला पोरगा, अंगावर देशाचा कोट! तिथे तिन्ही फेकी बाद झाल्या. परत आले आणि शाळेत पीटीचे मास्तर झाले. त्यानंतर थाळीला हात लावला नाही. कशा बाद झाल्या, विचारलं की "शेवटच्याला पाय घसरला" म्हणायचे आणि आईला हाक मारून जेवायला वाढ म्हणायचे. आम्हीही मग विचारायचं सोडून दिलं होतं.

सप्टेंबरातली गोष्ट. त्या लाल शर्टवाल्याची थाळी एकदा अशी लांब गेली की तो आनंदाच्या भरात वर्तुळाच्या पुढूनच उडी मारून मैदानात पळत सुटला. कोचनं शांतपणे लाल झेंडा वर केला. फेक बाद. थाळी पडल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर यायचं असतं, आणि तोवर बाहेरच्या जमिनीला कुठेही स्पर्श चालत नाही. पोरगं कोचशी भांडायला लागलं. मी हसून बाबांकडे वळले, तर बाबा जाळी सोडून घराकडे चालू लागले होते.

मी धावत जाऊन त्यांना गाठलं. पार्किंग लॉटच्या कडेला बाकावर बसले आणि मग आपणहून बोलले.

"तिसऱ्या फेकीला थाळी हातातनं सुटली ती काय सुटली गं! जन्मात तेवढी लांब टाकली नव्हती. लोकं उभी राहिली. आणि मी वाकलो."

"वाकलात?"

"मातीला. तालमीत आम्ही मातीत उतरताना आणि बाहेर पडताना हात लावायचो, कपाळाला लावायचो. वस्तादांनी लहानपणापासून अंगात मुरवलेलं. मी वर्तुळाच्या पुढची माती घेतली, कपाळाला लावली. वर बघतोय तर लाल झेंडा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हा काय नियम झाला? नमस्कार केला म्हणून बाद? आणि तुम्ही मूग गिळून गप्प बसलात?"

"नियम बरोबर होता. मला पाठ होता तो. हात ऐकला नाही."

"मग पाय घसरला म्हणून काय सांगत आलात सगळ्यांना?"

बाबा म्हणाले, "वस्ताद स्टेशनावर आले होते न्यायला. म्हातारा माणूस, मला बघून रडायला लागला. त्यांना काय सांगू, तुमच्या शिकवणीनं बाद झालो म्हणून? जेवण सोडलं असतं त्यांनी. मग पाय घसरला म्हणालो. मरेपर्यंत शिव्या घालत होते मला, गाढवा, पाय सांभाळता आला न्हाई तुला!" आणि ते हसायला लागले. मला मात्र रडू आवरेना. वस्ताद तर केव्हाच गेले, आता बाबाही राहिले नाहीत, म्हणून हे सगळं लिहायला धजते आहे.

त्याच बाकावर त्यांनी मनातलं सांगितलं. परत गेल्यावर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याच्या आधी एकदा, फक्त एकदा, खऱ्या वर्तुळातून फेकायचं आणि नियमाप्रमाणे मागून बाहेर यायचं. झेंडा घेतलेला माणूस समोर पाहिजे. "येड्यासारखं वाटतंय ना तुला?" मला तसं काही वाटत नव्हतं. ते पडतील याचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मीच कोचला गाठलं. धिप्पाड माणूस, तोंडात सतत च्युइंगगम. स्पर्धा, बाद फेकी आणि बाबांची इच्छा ऐकून घेतली आणि "शनिवारी सकाळी या" एवढंच म्हणाला.

शनिवारी त्यानं टेप आणला, बादचा लाल आणि चांगल्या फेकीचा पांढरा असे दोन्ही झेंडे आणले आणि एक हलकी थाळी आणली. बाबांनी ती हातात तोलून बघितली. "ही तर बायकांची!"

"बायकांची म्हणजे काय हो? बायका काय हवेत फुंकर मारतात?" मी तिथेच भडकले. "तीच घ्या, नाहीतर घरी चला."

"बघितलंत, माझी रेफ्री," बाबा कोचला मराठीतच म्हणाले. थाळी मुकाट्यानं घेतली.

पहिली सरळ वर्तुळाभोवतीच्या जाळीत गेली. "दॅट्स ओके, सर!" सराव थांबवून बघत बसलेली पोरं ओरडली. दुसऱ्या वेळी बाबांनी अर्धी गिरकी घेतली. गुडघा लटपटला, पण थाळी छान सुटली, उडत गेली, पडली. आणि बाबा वाकले.

"बाबा!" मी ओरडेपर्यंत त्यांची बोटं वर्तुळापुढच्या गवताला लागून कपाळाला पोचलीसुद्धा होती.

कोचनं ते स्वच्छ बघितलं होतं. तरी त्यानं पांढरा झेंडा वर केला.

"नो, सर. रेड," बाबा म्हणाले.

कोच हसून मान हलवत राहिला. "रेड, प्लीज," बाबांनी पीटीच्या तासाचा आवाज लावला, तसा त्या माणसानं पांढरा खाली घेतला आणि लाल वर केला. खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांचा भयंकर राग आला. समोरून मिळत होतं, ते घ्यायला काय झालं होतं! "बास आता, घरी चला," मी म्हणाले. "थांब गं," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा गिरकी जमण्यासारखी नव्हती. उभ्यानंच टाकली. फार लांब नाही गेली. बाबांनी पाठीमागे डाव्या हातानं उजवा हात गच्च धरून ठेवला, वळले आणि एकेक पाऊल टाकत मागच्या बाजूनं बाहेर आले.

पांढरा झेंडा वर गेला. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोचनं टेप धरून अंतर असं मोजलं, जसं काही पदकच ठरायचं होतं. "शाळेतल्या पोरी याच्या दुप्पट टाकायच्या माझ्या," बाबा म्हणाले. डोळे नुसते वाहत होते.

मग ते बाहेरून फिरून वर्तुळाच्या पुढे आले. गुडघे वाकेनात, म्हणून मी दंडाला धरलं. त्यांनी गवताला हात लावला, कपाळाला लावला आणि तसेच ओणवे राहिले. मी घाई केली नाही. इतकं प्रेम मला त्यांच्याबद्दल त्याआधी कधी वाटलं नसेल.

कोच हात मिळवायला आला. "तेव्हाही असंच झालं होतं ना?" त्यानं इंग्रजीत विचारलं. त्याला त्या मातीविषयी किंवा वस्तादांविषयी मी काहीच सांगितलं नव्हतं.

बाबा एकदम ताठ झाले. "नो, नो. लेग स्लिप्ड."

कोचनं माझ्याकडे बघितलं. बाबाही माझ्याकडेच बघत होते.

"हो," मी म्हणाले, "पाय घसरला होता त्यांचा."