सगळी पानं जागेवर आहेत का?

निमगाव सावा या गावी आमचं घर उसाला लागून आहे. मागे गोठा, त्यामागे ऊस, आणि उसात काय असतं ते इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वहिनी पहाटे धार काढायला निघाली की रिकामी बादली पळीने बडवत जायची. बिबट्याला आधीच कळावं, म्हणजे तो आपल्या वाटेने जाईल. वस्तीवरच्या सगळ्याच बायका असं काहीतरी वाजवत निघतात.

मी घरून कॉम्प्युटरची नोकरी करते आणि स्वभावाने भित्री आहे. वहिनी गोठ्यात असेपर्यंत माझा चहा घशाखाली उतरत नसे. म्हणून मी गोठ्याच्या खांबाला कॅमेरा लावला, तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवला आणि प्रोग्राम लिहिला. काही हललं की त्याने उठायचं, चित्र बघायचं, बिबट्या असेल तर भोंगा वाजवायचा. रोज संध्याकाळी मी जुन्या फ्लेक्समधून कापलेला बिबट्या कॅमेऱ्यासमोर धरायची. भोंगा जरा थबकून का होईना, वाजायचा. दुसऱ्यांदा धरला की लगेच ठणाणा करायचा. पहिल्या वेळचं थबकणं मी मनावर घेतलं नाही.

वहिनीने बादली बडवणं सोडलं. "आता वन्संचा भोंगा हाय की," म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एका पहाटे ती गाईखाली बसलेली असताना बिबट्या गव्हाणीपलीकडे आला, तिच्याकडे बघत उभा राहिला आणि उसात परत गेला. भोंगा वाजला तो त्यानंतर.

"लई उशिरा उठला तुमचा राखणदार," वहिनी म्हणाली. हसत होती, पण बादलीतलं दूध हिंदकळत होतं.

घोळ कुठे झाला ते मला कळायला अख्खा दिवस लागला. प्रोग्रामला वाटत असतं, आपलं सगळं सामान हाताशी आहे. तसं नसतं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, जागा थोडी. प्रोग्रामचं सामान लहान लहान तुकड्यांत असतं, त्यांना पानं म्हणतात; बराच वेळ न लागलेली पानं यंत्र गुपचूप माळ्यावर टाकतं, म्हणजे मेमरी कार्डावर. लागली की पुन्हा खाली आणायची, आणि आमचं कार्ड महाआळशी. मी फ्लेक्स धरायची तेव्हा पानं खाली यायची, आणि मी म्हणायची, बघा, सगळं जागेवर. माझ्या तपासणीनेच मला फसवलं होतं.

पानाला हात न लावता विचारायची सोय असते. हे पान रॅममध्ये आहे का, एवढंच यंत्राला विचारायचं. ते पानागणिक, असेल तर एक, नसेल तर शून्य सांगतं आणि पान होतं तिथेच ठेवतं. दुसऱ्या पहाटे वहिनीला दारातच थांबवून मी यंत्राला तसं विचारलं. पडदाभर शून्यं आली. काल ती याच शून्यांच्या भरवशावर गेली होती.

ओटा अडवला होता दादाने. गाणी ऐकली की गाई पान्हा चांगला सोडतात, असं त्याचं ठाम मत. "गोठ्यातला कॉम्प्युटर नुस्ताच बसून ऱ्हातो, म्हणून लावली राव गाणी. रातभर जनावर शांत असतं," तो म्हणाला. त्या गाण्यांनी माझा बिबट्या माळ्यावर चढवला होता.

गाणी मी जुन्या मोबाईलवर हलवली. प्रोग्रामची पानं रॅममधून हलू नयेत अशी तजवीज केली. पुन्हा विचारलं, तर सगळीकडे एक. वहिनीला बोलावून दाखवलं.

"म्हंजी आता समदी जागेवर?"

"आत्ता आहेत."

"आन् मी गोठ्यात गेल्यावं?"

पानं राहतील, असं मला सांगता आलं असतं. पण कॅमेऱ्यावर कोळी बसला तर, लाईट गेली तर, माझ्या ध्यानातच न आलेलं काही झालं तर? तिने फळीवरून पळी उचलली.

आता रोज पहाटे मी आधी पडद्यावर सगळे एक आहेत ना ते बघते, मग दारात येऊन उभी राहते. बादलीचा ठणठणाट गोठ्यापर्यंत जातो आणि ती धारेला बसली की थांबतो. ती शांतता मला सोसत नाही.

"वहिनी, हाय का गं?"

"हाय वन्सं, हाय! गाय बुजंल!"

तेही उत्तर त्या क्षणापुरतंच असतं. थोडं थांबून मी पुन्हा हाक मारते.