इशिदांचं वेडंवाकडं अक्षर

विश्रांतवाडीच्या बापूराव पानशांना जपानी शिकवायला कोणी नव्हतं. टिळक रस्त्यावरचा क्लास संध्याकाळी सहाचा आणि कारखान्याच्या स्टोअरमधून त्यांची सुटका आठला. मग यंत्रांबरोबर खोक्यांतून येणारी जपानी माहितीपुस्तकं त्यांनी हाताशी धरली, बुधवार पेठेतून जुना शब्दकोश आणला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी वहीत अक्षरं गिरवायला घेतली.

शहाण्णव साली यंत्र बसवायला आलेले इंजिनिअर इशिदा ती वही पाहून थक्क झाले. परत गेल्यावरही त्यांनी या शिष्याला सोडलं नाही. बापूराव महिन्याला एक पत्र पाठवत. ते लाल शाईने दुरुस्त होऊन परत येई आणि सोबत इशिदांचं उत्तर, छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत. सात वर्षं हा क्लास चालला.

दोन हजार तीनच्या ऑगस्टात आलेलं पाकीट मात्र निराळं होतं. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, ओळी खाली उतरलेल्या. तपासलेलं पत्रही सोबत नव्हतं. बापूराव तासभर बघत बसले आणि एकदम खुलले.

"अगं, सरांनी मला वरच्या वर्गात घातलं! आता हाताचं धावतं अक्षर वाचायचं. परीक्षा आहे ही."

"शेजारची तनया आयटीत जपानीच करते ना?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "दोन मिनिटांत वाचून देईल."

"परीक्षेत शेजारणीला विचारतात?"

"नका विचारू. आपण सावकाश पास व्हा."

बापूराव भिंग घेऊन बसू लागले. पूर्ण वाचून झाल्याशिवाय पुढचं पत्र पाठवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या दोन ओळी इशिदांच्या रिवाजाप्रमाणे हवापाण्याच्या निघाल्या. गणपती आले, गेले. तिसऱ्या ओळीतला एक शब्द माहितीपुस्तकांत कधीच भेटला नव्हता. शब्दकोशात तो सापडला तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. शब्द होता इस्पितळ.

बापूराव तसेच अनवाणी तनयाच्या दारात गेले. तिने उभ्याउभ्या वाचलं.

"काका, ते लिहितायत, हात थरथरतो, अक्षराबद्दल माफ करा. या वेळी तुमचं पत्र तपासायला जमलं नाही. तुमचं पत्र आलं की बरं वाटतं. लवकर लिहा."

दोघं कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवर गेली. फोन इशिदांच्या पत्नीने उचलला. तनया बोलली, ऐकत राहिली, मग रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "काका, अकरा दिवस झाले."

बापूरावांनी रिसीव्हर मागून घेतला. पलीकडच्या बाई सावकाश बोलत होत्या. ते शेवटपर्यंत टपालाची वाट बघायचे. आमचं पत्र आपल्याला उशिरा मिळालं का?

तनयाने सांगायची गरज पडली नाही.

"हो," बापूराव जपानीत म्हणाले. "फार उशिरा मिळालं."

तनया काचेबाहेर बघू लागली. बाई आता त्यांचीच समजूत घालत होत्या, टपालाला कोण काय करणार, आपण मनाला लावून घेऊ नका. बापूरावांना शब्द न् शब्द कळत होता.