वेटिंग रूममधला नवरदेव

नोकरीतली ही एक घटना अजून मनातून जात नाही. गंमत म्हणजे सरकारी कागदांत तिची नोंद फार तर चार ओळींची असेल. खून नाही, दरोडा नाही, कुणाच्या अंगावर साधा ओरखडा नाही. तरी जुन्या गोष्टी निघाल्या की मी खुनाच्या भानगडी बाजूला ठेवून हीच सांगत बसतो, आणि आमच्या सौभाग्यवती मुकाट्याने उठून स्वयंपाकघरात जातात. त्यांना ती तोंडपाठ आहे.

मी तेव्हा लोहमार्ग पोलिसांत फौजदार होतो. परभणी जिल्ह्यातल्या एका जंक्शनवर आमची चौकी होती. जंक्शनचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात जंक्शनं किती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ओळखावं. मीटर गेजचा जमाना. चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल, दोन बाकं आणि कोठडी. कोठडीत आरोपी क्वचित असत, बेवारस सामानच जास्त. सकाळी हजेरी, मग गाड्यांवरच्या ड्युट्या वाटायच्या, मग दिवसभर पाकीटमार, हरवलेली म्हातारी माणसं आणि डब्यात जागेवरून झालेल्या मारामाऱ्या. आज लोकांना हे कंटाळवाणं वाटेल. मला मात्र इंजिनाच्या धुराचा वास आठवला तरी बरं वाटतं.

परवा माझा नातू सांगत होता की विमानतळावर म्हणे एक खास दालन असतं. ठरावीक कार्ड असलं की आत प्रवेश, गुबगुबीत खुर्च्या, फुकट नाश्ता. सोबत पाहुणे किती न्यायचे, किती वेळ बसायचं, सगळ्याचे नियम. मी त्याला म्हटलं, बाबा, हे सगळं आमच्या जंक्शनवर होतं, फक्त नाश्त्याचे पैसे पडायचे.

आमचं दालन म्हणजे फर्स्ट क्लासची वेटिंग रूम. उंच छत, सावकाश फिरणारा पंखा, लांब हातांच्या वेताच्या आरामखुर्च्या आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा आरसा. दारावर पाटी होती: पहिल्या वर्गाच्या प्रवाशांखेरीज कोणीही आत येऊ नये. तिकीट किंवा पास दाखवायचा, आपली गाडी गेली की खुर्ची सोडायची, पोचवायला आलेल्यांनी बाहेर थांबायचं. पाटीवर नियम कडक होता, पण माणूस पाहून तो मऊ पडायचा. धोतरवाल्याला तिकीट दोनदा मागायचे, कोटवाल्याला एकदाही नाही. रेल्वेच्या बड्या अधिकाऱ्यांकडे कार्ड पास असे. ते कार्ड खिशातून अर्धं दिसलं तरी दारावरची मावशी पदर सावरून उभी राहायची. कार्डवाल्या साहेबासोबत आत किती माणसं गेली, हे मोजायची तिची काय टाप?

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाने तेव्हा मराठवाडा तापलेला होता. आज इथे मोर्चा, उद्या तिथे बंद. संशयास्पद बैठकांवर लक्ष ठेवा, असा संदेश वरून रोज यायचा. अशा दिवसांत एका सकाळी आमचे जमादार टोपी काखेत धरून माझ्या टेबलाशी आले. चारठाणा गावचा माणूस, बोलायला मोकळा.

"साहेब, फर्स्टच्या येटिंगमदी मीटिंगा चालू हायेत."

"कुणाच्या?"

"एक कोटवाला येतो. खेड्यातली मान्सं आत घेतो आन दार लोटून बसतो. मावशीनं सोता सांगितलं."

मी मावशीला बोलावून घेतलं. ती बिचारी आधीच घाबरली होती. "साहेब, कार्ड हाय त्यायच्याकडं. मी कसं हटकू? सकाळच्या गाडीनं येतेत, संध्याकाळी माघारी जातेत. बहुतेक बारीला येगळी मान्सं. संग बाया बी असतेत. चहा पेतेत, बोलतेत, जातेत."

बाया असतात म्हटल्यावर माझी बैठकीची शंका ढिली पडली आणि दुसरीच बळावली. पोरी फसवून नेणाऱ्यांची प्रकरणं आम्ही पाहिलेली होती. पुन्हा आला की कळवा, असं सांगून मी मावशीला पाठवलं.

पुढच्या खेपेला निरोप येताच मी आणि जमादार वेटिंग रूमचं दार ढकलून आत शिरलो. मनात काय काय धरून गेलो होतो, आणि समोर टेबलावर नारळ, हळदकुंकू, साखरेचा पुडा आणि सुपाऱ्या. आरामखुर्चीत काळ्या कोटातला पस्तिशीचा माणूस बसलेला. समोर ताडकळसकडचा एक शेतकरी, परीटघडीचं धोतर, पटका. शेजारी त्याची बायको, आणि खाली मान घालून बसलेली हिरव्या लुगड्यातली मुलगी.

"या साहेब, बसा," शेतकरी हरखून म्हणाला. "पोरीची सुपारी फोडायलोत. जावई रेल्वेत लय मोठे साहेब हायेत."

आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. त्यानंतर मोडलं तर पोराचं काही बिघडत नाही. पोरीच्या कपाळी मात्र मोडल्या लग्नाचा डाग कायमचा बसतो. म्हणून मी आधी सुपारीवर हात ठेवला आणि म्हटलं, थोडं थांबा. त्या बापाचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं.

कोटवाल्याला चौकीत आणलं, मागोमाग बापही आला. गडी जरासुद्धा डगमगला नाही. "इन्स्पेक्टर, यू आर डिस्टर्बिंग अ फॅमिली फंक्शन," म्हणाला. इंग्रजी सफाईदार होतं. कार्ड टेबलावर ठेवलं. त्यावर फोटो नव्हता, पण नाव, हुद्दा, शिक्का सगळं अस्सल. आई-वडील नाहीत, कायम लाइनवर फिरती, म्हणून मुली इथे पाहतो, असं त्याने सांगितलं. उलटतपासणीत एकही उत्तर चुकलं नाही. रेल्वेचे बडे साहेब कुठे राहतात, केव्हा जेवतात, कुणाशी कसं बोलतात, सगळं बरोबर. विभागीय कार्यालयाला ट्रंक कॉल लावला, तर लाइन मिळायला संध्याकाळ होणार. जमादार माझ्या कानाला लागले, "सोडून द्या साहेब. खरा निघाला तर आपली दोघांची बदली व्हईल."

बापाला विचारलं, या स्थळाची चौकशी कुठे केली? तो म्हणाला, "चौकशी काय करायची? अशा खोलीत बसतेत, म्हंजी साहेबच की. आन हुंडा बी मागंनात. एक रुपाया न्हाई म्हनले."

इथे माझे कान टवकारले. त्या काळात साधा कारकून हुंड्यात सायकल, घड्याळ आणि रेडिओ मागायचा, आणि हा बडा अधिकारी काहीच मागत नव्हता. चांगुलपणावर संशय घ्यावा लागतो, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट भाग.

राहिली मुलगी. स्त्रीचा जबाब स्त्रीसमोर घ्यायचा, म्हणून वेटिंग रूममध्ये मावशीला बसवून मी विचारलं, "बाई, तुला हे स्थळ पसंत आहे?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मागच्या टायमाला त्यायनी कप उचलले."

"म्हणजे?"

"चहा झाल्यावर. आमी खाली ठिवले न ठिवले, तोच ह्यायचा हात आला. बशा येगळ्या, कप येगळे, एकावर एक. मंग दचकले आन परत ठिवले. साहेब मानूस आसं कवा करंल?"

"मग वडिलांना का नाही सांगितलंस?"

"कोन आयकायलंय? सगळे कोट बघायलेत."

मी चौकीत परतलो आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. माय-लेकींनाही बोलावून दारालगतच्या बाकावर बसवलं. त्याला म्हटलं, साहेब, गैरसमज झाला असावा, फोन लागेपर्यंत चहा घेऊ. कोटवाला सैल झाला. मीच मुद्दाम पिकापाण्याचा विषय काढला. बापाला तेवढंच हवं होतं. तो कापसावरच्या किडीबद्दल बोलायला लागला. चहा संपला. रिकामे कप टेबलभर पडले. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कोटवाला बापाचं बोलणं ऐकत मान हलवत होता आणि त्याचे हात आपोआप चालू झाले होते. बशा एकीवर एक डाव्या हातावर चढल्या. कप एकात एक बसले. उजव्या हाताने खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर चहाचं वर्तुळ उमटलं होतं ते पुसलं. इतकं सुबक काम की बघत राहावं. बाप बोलता बोलता थांबला. मग कोटवाल्याचंही स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं.

"किती वर्षं करताय हे काम?" मी विचारलं.

त्याने सगळं अलगद खाली ठेवलं. इंग्रजी पार गेलं. "लहानपनापासून, साहेब. अफसरांच्या बंगल्यात बेअरा हाय मी."

मग सगळं बाहेर आलं. एका साहेबाने बदली होऊन जाताना जुना कोट बक्षीस दिला. आतल्या खिशात कार्ड राहून गेलं होतं. ते परत करायच्या ऐवजी याने एकदा गंमत म्हणून कोट घालून वेटिंग रूमच्या दारावर दाखवलं, आणि मावशी उठून उभी राहिली. "आयुष्यात माझ्यासाठी कोनी उठलं नव्हतं, साहेब. आन पोरगी तर कोनी द्यायलाच तयार नव्हतं. उष्टी काढनाऱ्याला कोन देतंय? लय ठिकानी विचारलं. हिथं बसलो की लोक सोता विचारू लागले. लग्न झाल्यावर सगळं सांगनार व्हतो."

बाप त्याच्या अंगावरच धावला. जमादारांनी आवरलं. "दुसऱ्याची उष्टी काढनारा. आन मी ह्याला जावई करायलो व्हतो." खोटेपणापेक्षा उष्ट्याचाच राग त्याला जास्त आला होता, हे मी तेव्हाच ओळखलं. मग एकदम तो खाली बसला आणि हात जोडले. "साहेब, केस करू नका. पोरीचं नाव कोर्टात निघंल. मंग तिला कोन करून घ्यायचं?"

म्हणणं खरं होतं. तोतयेगिरीचा गुन्हा उभा राहत होता, पण त्याला फिर्यादी लागतो. फिर्यादी आला की पोरीचं नाव, गाव, सगळं कागदावर, आणि तिथून बाजारात. अशा वेळी बापाला विचारून मोकळं व्हायची पद्धत होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी मुलीला विचारलं, "तू सांग. काय करू?"

ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली, आणि ते माझ्याशी नाही, त्याच्याशी.

"केस नगं. पन तुमी ध्यानात ठिवा. कप उचलले तवाच तुमी मला मानूस वाटले व्हते. तसेच आमच्या दारात आले असते, तर मी बापासंग भांडले असते तुमच्यासाठी. आता कशासाठी भांडू?"

पोलिसांपुढे न हललेला तो माणूस तोंडावर रुमाल धरून रडला. जमादार उगाचच कोठडीचं कुलूप पाहायला गेले. मला त्या दोघांचंही फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

पंचनामा करून कार्ड जप्त केलं. पासच्या गैरवापराचं प्रकरण चाललं, त्याला दंड झाला, पुढचं त्याच्या खात्याने पाहिलं. पोरीचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. पुढे मी मोठे गुन्हे तपासले, बढत्या घेतल्या, पण माणूस ओळखायचा असेल तर त्याला प्रश्न विचारत बसण्यापेक्षा त्याच्या सवयीच्या कामाशी सोडून द्यावं, हे मी तिथे शिकलो. ते मला कुठल्या प्रशिक्षण केंद्राने नाही, ताडकळसकडच्या एका मुलीने शिकवलं. लग्न ठरवताना घरचे तिला काही विचारत नव्हते, म्हणून तर तिला नीट बघायला सवड मिळाली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो बाप पुन्हा चौकीत आला. हातात अक्षता होत्या. लग्नाचं आवतण द्यायला मुद्दाम उतरला होता. मी बसवलं, विचारलं, स्थळ कुठलं?

"देवगाव फाट्याकडचं. पन कसं ठरलं ते इचारू नका, साहेब. पोरगी हटून बसली. म्हनली, पोरगं बघायला मी बी येनार, आन सांगून जायचं न्हाई. आमच्या घरान्यात कवा कोन्या पोरीनं पोरगं बघितलं न्हाई. भावकी हासायली. तरी नेलं."

"मग?"

"आमी गेलो तर पोरगं हिरीत उतरून गाळ काढायलं. डोक्यापस्तोर चिखल. बापानं हाका मारल्या, पावनं आलेत म्हनून. मला वाटलं, आता हे मागच्या दारानं घरात पळंल आन कापडं बदलून यील. न्हाई. तसंच वर आलं, आमाला राम राम घातला, आन आमच्या म्होरंच हात धुवायला बसलं."

"आणि पोरगी?"

म्हाताऱ्याने पटका सारखा केला. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो हसत होता.

"पोरगी म्हनली, बाबा, सुपारी हिथंच फोडा."